बाबांच्या उजव्या बाजूची जागा

आमच्या बडोद्याच्या घरात वर्षातून तीनदा नवं वर्ष उजाडायचं. एक जानेवारी ही बाबांच्या कचेरीची, गुढीपाडवा आईचा आणि देवाचा, आणि दिवाळीतलं बेसतं वरस खालच्या मजल्यावरच्या कांताबेनचं, म्हणजे सगळ्या गल्लीचंच. पुण्याकडचे पाहुणे आले की त्यांना याची फार गंमत वाटे. यातलं तुमचं खरं नवं वर्ष कुठलं, असं ते विचारायचे, आणि बाबा शांतपणे सांगायचे, "तिन्ही. एका खेपेत माणूस सुधारत नाही हो." त्यांचे वडील संस्थानच्या नोकरीत होते. त्यांच्याकडून बाबांकडे दोनच गोष्टी आल्या होत्या, एक चांदीच्या मुठीची काठी आणि दुसरं शिस्तीचं वेड. काठी कपाटात असायची. वेड मात्र रोजच्या वापरात होतं.

त्या वेडातूनच संकल्पांची पद्धत निघाली. तिन्ही नव्या वर्षांना, सगळ्यांच्या आंघोळी झाल्या की आम्ही पुढच्या खोलीत चटईवर बसायचं आणि ज्यानं त्यानं आपला संकल्प मोठ्यानं सांगायचा. मनातल्या मनात केलेला संकल्प बाबांना मंजूर नव्हता, कारण तो मोडला तर कुणाला कळणार? या पद्धतीला नियमही होते. एकाचा संकल्प दुसऱ्यानं घ्यायचा नाही, हा पहिला. कुणाचा मोडला तर तो मोकळा झाला, आणि पुढच्या नव्या वर्षाला घरातल्या कुणीही तो उचलावा, हा दुसरा. आई दर वेळी न रागावण्याचा संकल्प करायची आणि दुपारच्या जेवणाआधी तो मोकळा व्हायचा. तो बिचारा वर्षानुवर्षं तसाच पडून होता, कुणाला उचलायची हिंमत झाली नाही. बाबांनी तपकीर सोडली ती अशाच एका पाडव्याला, आणि पुन्हा डबी हातात घेतली नाही. माझं म्हणाल तर पालेभाजी खाईन, अक्षर सुधारीन, नखं कुरतडणार नाही, असे किती संकल्प केले आणि किती वाऱ्यावर सोडले याचा हिशोब मला कुणी विचारू नये. मी एकुलती एक होते. मी सुधारले नाही तरी घरात माझ्यावाचून दुसरं कुणी नव्हतं, आणि हे मला फार लवकर समजलं होतं.

बाबा घरात फारसे बोलत नसत. जेवताना मीठ मागायचं, पेपरातली एखादी बातमी आईला वाचून दाखवायची, एवढंच. पण पहाटे फिरायला निघाले की त्यांना कंठ फुटायचा. दांडिया बाजारच्या मागच्या आमच्या गल्लीतून निघून काळ्या घोड्यापर्यंत, तिथून विश्वामित्रीच्या पुलावर थोडं थांबून कमाटीबागेच्या फाटकाशी वळायचं, हा त्यांचा ठरलेला रस्ता. त्या रस्त्यावर ते साहेबाच्या नकला करत, लहानपणी शेजारच्यांच्या आंब्यावरून पडल्याची गोष्ट सांगत, गुणगुणतसुद्धा. पुलावर उभं राहून मगर शोधायची हा रोजचा कार्यक्रम. पाण्यावरचा प्रत्येक ओंडका ते मगर म्हणून जाहीर करायचे आणि ओंडका ठरला की त्याची हात जोडून माफी मागायचे. रविवारी येताना फाफडा आणि पपईचा संभारो घ्यायचा, तो कागदातला गरम पुडा माझ्या हातात. त्यांना डाव्या कानानं जवळजवळ ऐकू येत नसे. त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूनं चालावं लागे. डावीकडून चालणारा माणूस त्यांच्या लेखी रस्त्यातच नसायचा. मला चांगलं चालता यायला लागल्यापासून ती उजवी बाजू माझी होती. बाबा मला तिथेच भेटत, घरात नाही. आणि जी गोष्ट आपलीच आहे तिच्यासाठी पहाटे उठायचा कंटाळा येतो, हेही खरंच. थंडीच्या दिवसांत ते खाटेशी येऊन "येतेस?" एवढंच विचारायचे. मी पांघरुणातून "उद्या" म्हणायचे. ते जायचे.

ते गेलेले सगळ्या घराला कळायचं, आमच्या दारामुळे. जुनं जड दार, चौकटीत घासणारं. ओढून लावलं की धाडकन आवाज व्हायचा, कडी हिंदकळायची आणि खालून कांताबेनचा आवाज यायचा, "भाई नीकळ्या, चा मूको!" तिच्या घरात चहाचं आधण आमच्या दारावर पडायचं.

मंदा ही माझी आतेबहीण, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. आत्या पादऱ्याला राहायची. तिच्याकडे खाली कापडाचं दुकान, वर घर, आणि घरात भावंडांचा घोळका. मंदा त्या घोळक्यात कुठेतरी मधली. बडोद्याला कॉलेजात नाव घातलं आणि रोजची बस झेपेना, म्हणून ती आमच्याकडे राहायला आली. मी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षात होते. हातात कपड्यांची एक पिशवी आणि दुसरीत पापडीच्या शेंगा, दारातच चप्पल काढून ती म्हणाली, "मामी, काय करू?" मी त्या घरात जन्मापासून राहत होते, पण हे वाक्य मला कधी सुचलं नव्हतं. आईनं तिच्याकडे ज्या कौतुकानं बघितलं ते मला आवडलं नाही. मंदा शेंगा निवडायला बसली. तिच्या वेणीतला एक केस सुटलेला नव्हता, ती जेवताना आवाज करत नव्हती, तिला आमटीत गूळ किती घालायचा हे न चाखता कळायचं. माणसानं इतकं चांगलं असू नये, दुसऱ्याच्या घरात तर मुळीच नाही.

तरी सुरुवातीचे महिने मी सोसले, कारण पहाट अजून माझी होती. मी जात नव्हते हा भाग वेगळा. जानेवारीच्या नव्या वर्षाला मी ठणकावून संकल्प केला, रोज बाबांबरोबर फिरायला जाईन. तो उत्तरायणपर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, चालला. उत्तरायणला दिवसभर गच्चीवर पतंग, उंधियू, जलेबी, मांज्यानं कापलेली बोटं, आणि दुसऱ्या दिवशी वाशी उत्तरायण. तिसऱ्या दिवशी बाबा खाटेशी आले तेव्हा मी "उद्या" म्हटलं, आणि तो उद्या काही उगवला नाही. संकल्प मोकळा झाला. मला काळजी नव्हती. पाडव्याला पुन्हा घेणार होते, जाहीर वाक्यसुद्धा तयार होतं.

पाडव्याला गुढी उभारून झाली. हा लोटा उलटा का ठेवता, हे कांताबेननं दरवर्षीप्रमाणे खालून विचारून घेतलं. आईनं कडुलिंबाची पानं, गूळ, चिंच आणि ओवा वाटून त्याची गोळी प्रत्येकाच्या तळहातावर ठेवली आणि आम्ही चटईवर बसलो. बोलायचं ते वयाच्या क्रमानं. बाबांनी चहा एका कपावर आणला. आईनं राग सोडला. मग मंदा म्हणाली, "मामा, शैलूचा जानेवारीतला संकल्प मोकळा झालाय ना?"

"झालाय. उत्तरायणलाच झाला."

"मग तो मी घेते. मी रोज सकाळी तुमच्याबरोबर फिरायला येईन."

माझ्या तोंडात कडुलिंब होता. तो गिळेपर्यंत बाबांनी मान हलवून मंजुरी दिलीसुद्धा. "तो माझा आहे!" मी ओरडले.

"होता," बाबा म्हणाले. नियमाच्या बाबतीत ते पोटची मुलगी ओळखत नसत. "तू दुसरा घे. बोल."

स्वयंपाकघरातून वेलदोड्याचा वास येत होता. रात्रभर टांगलेल्या चक्क्याचं श्रीखंड पातेल्यात तयार होतं आणि कढईत तूप तापत होतं. मला काहीतरी असं म्हणायचं होतं की ज्याची तिघांनाही चुटपुट लागेल. मी म्हटलं, "मी गोड खाणार नाही."

"आजपासून?" आई म्हणाली. "अगं, श्रीखंड..."

"आजपासून."

त्या दुपारी मी पुऱ्या बटाट्याच्या भाजीशी खाल्ल्या आणि मंदाच्या वाटीकडे बघत राहिले. तिनं श्रीखंड दुसऱ्यांदा घेतलं, तेही बाबांच्या आग्रहावरून. आजवर माझा एकच संकल्प टिकला आणि तो हाच. तो निश्चयानं टिकला असं कुणी समजू नये. तो टिकला निव्वळ मत्सरानं, आणि मत्सराइतकं चिवट दुसरं काही मला आयुष्यात भेटलेलं नाही. अख्खा उन्हाळा आमरसाच्या वाट्या माझ्या समोरून गेल्या. बडोद्यात तर डाळीतही गूळ असतो. कांताबेनच्या डाळीनं माझा संकल्प मोडतो का, यावर बाबांनी दोन दिवस विचार केला आणि डाळ ही डाळच, असा निकाल दिला. कांताबेन हिंचक्यावर झोके घेत आईला म्हणायची, "आ छोकरी ने कोईनी नजर लागी छे." नजर मलाच लागली होती, पण दुसऱ्या कुणाची नाही. माझीच मंदाला लागत होती आणि उलटून मला.

कारण आता पहाटे मी जागी असायचे. हा देवाचा काय न्याय आहे कोण जाणे. जेव्हा उठायचं होतं तेव्हा डोळा उघडत नव्हता, आणि आता उठायचं कारण उरलं नव्हतं तर बाबांच्या खाटेची पहिली करकर झाली की मी टक्क जागी. डोळे मिटून ऐकत पडायचे. बाबांच्या खोलीतून पावलं. मंदाची पावलं. कुजबुज. चूळ भरल्याचा आवाज, तोही दबका. मग दाराकडे जाणारी अनवाणी पावलं, आणि मग काहीच नाही. धाडकन आवाज नाही, कडी हिंदकळणं नाही. जिन्यात खाली कुठेतरी चपला जमिनीवर ठेवल्याचा बारीक आवाज यायचा, तेव्हा मला कळायचं, गेले. चोरासारखे गेले. चपला हातात घेऊन, दार चोरपावलानं लावून. मी बरोबर आलेली नको होते, म्हणून. एकदा मी मुद्दाम खोकले. सगळं घर थांबलं. बराच वेळ कुणी हललं नाही, आणि मग आधीपेक्षाही हळू ते निघून गेले. आणखी पुरावा काय हवा होता मला? मी उशीत तोंड खुपसून रडले आणि मंदा पादऱ्याला परत जावी म्हणून देवाला नवस बोलले, तोही पेढ्यांचा, जे मला खाता येणार नव्हते.

खाली कांताबेनची पंचाईत झाली. तिचं चहाचं घड्याळच बंद पडलं. एक दिवस तिनं आईला विचारलं, भाई हल्ली फिरायला जात नाहीत का, दार वाजत नाही. आई म्हणाली, "जाय छे ने! हवे तो मंदा पण साथे जाय छे." हवे तो मंदा पण. आता मंदासुद्धा. मी जिन्यात उभी होते, आणि ते वाक्य दिवसभर माझ्या कानात वाजत राहिलं.

ते परत यायचे तेव्हा त्यांच्या अंगाला बाहेरची हवा चिकटलेली असायची. बाबा घरातही हसायला लागले होते. जेवताना मधेच म्हणायचे, "मंदे, आज तो दिसला नाही," आणि मंदा म्हणायची, "सुट्टीवर गेला असेल, मामा," आणि दोघं हसायचे. मी विचारायचे, कोण? "अगं, तो ओंडका," बाबा म्हणायचे, "पुलाखालचा. तू यायला हवं होतंस." यायला हवं होतंस! माझा ओंडका, माझ्या पुलाखालचा, आणि मलाच ओळख करून देत होते.

जाता आलं असतं मला, हे आज लिहिताना कळतं. गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून लिहिते आहे, त्यामुळे शहाणपण भरपूर सुचतं. रस्ता काही कुणाच्या मालकीचा नव्हता. पण मला रस्ता नको होता, मला उजवी बाजू हवी होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा मी गेलेही. उजवीकडे मंदा होती. तिनं बाजूला सरकून "ये शैलू" म्हटलं, आणि मला तिची भीक नको होती म्हणून मी डावीकडे गेले. काळ्या घोड्याशी मी बाबांना म्हटलं, "बाबा, आज हवा छान आहे ना?" बाबा उजवीकडे वळून मंदाला म्हणाले, "हवा काय छान आहे आज!" त्यानंतर मी गेले नाही. मी ठरवलं, मंदाचा संकल्प मोडेपर्यंत थांबायचं. मोडला की मोकळा, मोकळा झाला की बेसत्या वरसाला माझा.

पण मंदाचा संकल्प मोडेना. पावसात ती छत्री घेऊन गेली. विश्वामित्रीला पूर आला तेव्हा पुलाच्या अलीकडून पाणी बघून आले दोघं. श्रावणात तिला ताप आला, आणि मी तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवता ठेवता बाबांना विचारलं, "म्हणजे मोडला ना?"

"आजारपणानं मोडत नाही," बाबा म्हणाले.

"असा नियम कधी होता?"

"शैले, खोटा वाद घालू नकोस. पट्टी बदल."

त्या तापात दोन दिवस बाबा एकटे फिरायला गेले. मी पहाटे वाट बघत होते, दोन्ही दिवशी, की खाटेशी येतील आणि विचारतील, "येतेस?" ते आले नाहीत. दार तसंच, आवाज न करता लागलं. मग मात्र माझी खात्रीच पटली की ती जागा माझ्यासाठी रिकामीसुद्धा होत नाही.

दिवाळी आली. मंदा पादऱ्याला गेली नाही. दिवाळीत दुकानात गर्दी असते, घरात तिच्याकडे बघायला कुणाला वेळ नसतो, म्हणून आत्यानं भाऊबिजेला दुपारच्या बसनं ये, असं कळवलं होतं. ती हे हसत सांगायची. बेसत्या वरसाच्या पहाटे गल्लीत मीठ विकणाऱ्या बायांची "सबरस, सबरस" अशी हाळी सुरू झाली. वर्षाच्या पहिल्या दिवशी घरात मीठ यावं म्हणून कांताबेन ते घ्यायची आणि आमच्यासाठीही मूठभर वर पाठवायची. आमचा तो पाडवा; आईनं बाबांना ओवाळलं. मग चटई. मी आठवडाभर तयारी केली होती. या खेपेला कडुलिंब नव्हता, तोंड मोकळं होतं, आणि मी नियम बाजूला ठेवून सरळ सांगणार होते की मला माझी जागा परत हवी. पण क्रम वयाचा. मंदा पुन्हा माझ्याआधी.

"मामा," ती म्हणाली, "मी माझा संकल्प सोडते."

बाबांचा चेहरा पडला. मी नीट बघितलं, खरंच पडला. "का गं? मोडला नाहीस तू तो."

"उद्या झोपणार आहे मी. म्हणजे उद्या मोडेल. तो शैलूनं घ्यावा."

"मोडण्याआधीच मोकळा? असं आजवर झालं नाही." बाबांनी चटईची एक काडी उपटली, ती बोटाभोवती गुंडाळली. "बरं. नियमात बसत नाही, पण असू दे."

माझ्या जन्मापासून त्यांनी माझ्यासाठी एकही नियम वाकवला नव्हता. मंदासाठी वाकवला, आणि तोही मला काहीतरी मिळावं म्हणून. जे मागायला मी बसले होते ते माझ्या पुढ्यात पडलं होतं, आणि मला ते उचलून फेकून द्यावंसं वाटत होतं. चांगुलपणातही हिनं पहिला नंबर मारला. मी "घेते" एवढंच म्हटलं.

आईनं आमच्या हातात फराळाची ताटं दिली, कांताबेनकडे द्यायला. करंज्या, चकल्या, चिवडा, वर क्रोशाचा रुमाल. जिन्याच्या वळणावर मी थांबले. पुढे मंदा, मागे मी. "मला तुझी दया नको आहे," मी म्हटलं.

ती वळली. "दया कसली?"

"सात महिने चोरासारखे गेलात दोघं. मला कळू नये म्हणून. चपला हातात घेऊन. मी जागी असते रोज, सगळं ऐकते. मी खोकले तर श्वास धरून उभे राहिलात. आणि आता म्हणे शैलूनं घ्यावा!"

मंदा माझ्याकडे बघतच राहिली. मग तिनं ताट पायरीवर ठेवलं. "तुला कळू नये म्हणून?" ती म्हणाली. "शैले, तू वेडी आहेस का? तुझी झोप मोडू नये म्हणून. पहिल्याच दिवशी मी दार ओढायला गेले तर मामांनी माझा हात धरला. म्हणाले, शैला झोपलीय, आता तिला उठवायचं नाही, अभ्यासानं दमते, चपला हातात घे. तू खोकलीस त्या दिवशी तर ते दारात उभेच राहिले, तुला परत झोप लागेपर्यंत. मला म्हणाले, हलू नकोस."

मीही माझं ताट पायरीवर ठेवलं.

"आमच्याकडे पादऱ्याला पहाटे दुकानाचं शटर वर जातं," मंदा म्हणाली. "बरोबर माझ्या उशीखाली. भिंत हादरते. परीक्षा असू दे, ताप असू दे. एवढ्या वर्षांत कुणाला वाटलं नाही की वर मंदा झोपलीय, जरा हळू." तिचा आवाज चढला, आणि मंदाचा आवाज चढलेला मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. "रोज पहाटे मी ते दार हळू लागताना बघते ना, मला जळायला होतं. फिरताना मामा बोलतात, छान वाटतं, पण माझं अर्धं लक्ष त्या दारातच असतं. म्हणून सोडला. दया नाही काही. उद्या मी झोपणार आहे. बघू, माझ्यासाठी कोण दार हळू लावतंय."

खालून कांताबेननं हाक मारली, "आवो आवो, साल मुबारक!" आम्ही ताटं उचलली आणि खाली गेलो. तिनं आमच्या दोघींच्या हातावर मठिया आणि घुघरे, म्हणजे तिच्याकडच्या करंज्या, ठेवले. माझा गोड न खाण्याचा संकल्प त्याच सकाळी संपला होता, नवा झाला होता, तरी घुघरा मला गोड लागला नाही.

भाऊबिजेच्या पहाटे मी बाबांच्या आधी उठले. मंदा भिंतीकडे तोंड करून झोपली होती, पांघरूण डोक्यापर्यंत. मी चूळ भरली, वेणी घातली, चप्पल घालायला वाकले, तर बाबांचा हात माझ्या खांद्यावर. "हातात घे," ते कुजबुजले. "मंदा झोपलीय. दुपारी बसचा त्रास आहे तिला."

आम्ही बाहेर आलो. ते दार मी आजवर आतूनच ऐकलं होतं. बाहेरून ते कसं लागतं हे त्या दिवशी पाहिलं. बाबांनी एका हातानं कडी वर धरली, दुसऱ्या हातानं दार थोडं उचललं, म्हणजे खाली घासू नये, आणि खांदा लावून ते इंचाइंचानं चौकटीत बसवलं. जीभ दातांत धरलेली, एवढा मोठा कचेरीतला माणूस, पायात काही नाही. दार लागल्यावर त्यांनी कान लावून आतला कानोसा घेतला, तो चांगला उजवा कान. मग माझ्याकडे बघून समाधानानं मान हलवली. पाडव्यापासून रोज त्यांनी हे माझ्यासाठी केलं होतं, आणि मी आत पडून त्याच आवाजावर जळत होते.

मी बाबांच्या उजव्या बाजूनं चालले. त्यांनी साहेबाची नवी नक्कल केली. पुलावर ओंडका होता. त्यांनी तो मगर म्हणून जाहीर केला आणि हात जोडले. सगळं जागच्या जागी होतं. फक्त मी तिथे नव्हते. मी त्या दाराच्या आत होते, पांघरुणात, मंदाच्या जागी. ती जागी असणार याबद्दल मला शंका नव्हती. डोळे मिटून, कान टवकारून पडली असणार, आणि ते दार तिच्यासाठी हळू लागलेलं तिनं ऐकलं असणार. मला तिचा असा काही हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी विचारलं, "काय गं?" मी म्हटलं, "वारा आहे."

आता बाबा नाहीत, आई नाही, ते घरही दुसऱ्या कुणाचं झालं. मी बडोद्यातच अकोट्याला फ्लॅटमध्ये राहते, मंदा तरसालीला मुलाकडे. संकल्प आता कुणी मोठ्यानं सांगत नाही, पण बेसत्या वरसाच्या आदल्या संध्याकाळी ती पिशवी घेऊन माझ्याकडे राहायला येते, आणि दारातच चप्पल काढून विचारते, "काय करू?" अजूनही मला ते वाक्य तिच्या आधी सुचत नाही. पहाटे मी फिरायला निघते. फ्लॅटचं दार स्प्रिंगचं आहे, सोडलं तर धाडकन लागतं, म्हणून मी ते हातानं धरून शेवटपर्यंत आणते आणि चपला हातात घेऊन लिफ्टकडे जाते. समोरच्या घरातला तरुण मुलगा दूध घ्यायला दार उघडतो आणि माझे अनवाणी पाय बघून, काही लागलंय की काय अशा काळजीनं विचारतो, "आंटी, पगमां वाग्युं छे?" मी त्याला बोटानं गप्प करते.

दरवर्षी मी मनाशी ठरवते, बाबांना मंजूर नव्हतं तसं, मनातल्या मनात, की या खेपेला आपण आधी बोलायचं. मंदे, तू जा फिरायला, मी पडते जरा. आणि मग डोळे मिटून ऐकायचं. गेल्या बेसत्या वरसाला मी तिच्याही आधी जागी झाले, उठून बसले, तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात शेजारच्या पांघरुणातून आवाज आला, "शैलू, दार हळू लाव गं."